कोमल गांधाराखालची रेघ

टॅबवर गाण्याची पानं लावायला कोणतं ॲप घ्यायचं, हा प्रश्न माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या घरून हल्ली वरचेवर येतो. मी गिरगावात गाणं आणि पेटी शिकवते. एखादं नाव सांगून मोकळं होता येईल, पण मला ते जमत नाही. सूर कागदावर कसे उतरवायचे याचा जो झगडा आपल्याकडे झाला, त्यातला मोठा भाग माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेला आहे. पश्चिमेला टेकडीवर वाळकेश्वर, तिथे भातखंडे जन्मले. मध्ये गिरगाव, तिथे पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालयाची मुंबईची शाखा चालवली. दक्षिणेला धोबीतलाव, तिथे गोव्याहून आलेले वादक पाच रेघांचे कागद बाळगून राहत. आज ॲप निवडताना जे जे अडतं, ते या तिन्ही ठिकाणी कुणा ना कुणाला आधीच अडलेलं आहे.

त्याआधीचं थोडक्यात सांगते. ख्यालगायकाची चीज वहीत लिहिली जाई, पण बहुधा नुसते बोल, वर रागाचं नाव, फार तर तालाचं. सूर गळ्यात राहत आणि गळ्यातूनच पुढे जात. चीज ही घराण्याची मिळकत होती, त्यामुळे ती देताना हात आखडता असे. बडोद्यात मौलाबक्षांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा काढली, तेव्हा त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली. बंगालात क्षेत्रमोहन गोस्वामी त्याच्याही आधीपासून या खटपटीत होते. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. समोर एक शिष्य असला की लिपीवाचून चालतं. समोर वर्ग बसला की चालत नाही.

वर्ग बसवण्याचं वेड खऱ्या अर्थाने घेतलं ते विष्णु दिगंबर पलुसकरांनी. कुरुंदवाडला १८७२ साली जन्म, लहानपणी दारूकामाने दृष्टी अधू झालेली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, आणि १९०८ मध्ये मुंबईत. शाळा म्हटली की पुस्तकं हवीत, म्हणून त्यांनी ती स्वतः रचली आणि स्वतःच्या छापखान्यात छापली. मुंबईची इमारत पुढे कर्जापायी हातची गेली, पण पुस्तकं राहिली.

त्या पुस्तकांचं एखादं पान समोर घेऊन बघावं. कोमल स्वराला खाली हलन्तासारखी खूण. मंद्र सप्तकातला स्वर असेल तर डोक्यावर टिंब, तार सप्तकातला असेल तर डोक्यावर उभी रेघ. प्रत्येक स्वराच्या पायाशी त्याचा काळ: आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, शून्य म्हणजे अर्धी, छोटा अर्धचंद्र म्हणजे पाव. समेवर १ हा आकडा, खालीला अधिकचं चिन्ह. दिसायला पान गजबजलेलं, पण वाचणाऱ्याला काही अंदाजाने धरावं लागत नाही. कोणता स्वर किती वेळ, हे प्रत्येक स्वर स्वतः सांगतो. ज्यांना पान डोळ्यांजवळ धरूनही नीट दिसत नसेल, त्यांनी इतक्या बारीक खुणांची लिपी घडवली, हे मला अजून चकित करतं. मुलांना दिसलं पाहिजे, हाच त्यामागचा ध्यास असणार.

भातखंडे वेगळ्या वाटेने आले. १८६० चा जन्म, शिक्षणाने वकील. मुंबईत पारशी रसिकांनी चालवलेली गायन उत्तेजक मंडळी होती, तिथे ते १८८४ पासून जाऊ लागले आणि रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदं शिकले. पत्नी गेली, मग एकुलती मुलगी गेली. वकिलीवरून मन उडालं आणि ते गाण्याच्या शोधात हिंडायला निघाले. १९०४ ला दक्षिणेत, पुढे कलकत्त्याकडे, मग अलाहाबाद, बनारस, लखनौ. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले, रामपूरला वझीर खाँसाहेबांकडे गेले. जिथे कोणी चीज द्यायला तयार झालं तिथे ती स्वरांसकट उतरवून घेतली. या मिळकतीतून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ची क्रमिक पुस्तकमालिका झाली, सहा भागांची. हजाराहून कितीतरी जास्त चिजा तिच्यात आहेत. शेवटचा भाग निघाला तेव्हा ते हयात नव्हते. १९३६ च्या सप्टेंबरात ते गेले होते.

भातखंड्यांच्या खुणा मोजक्या आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्या खालून एक कमान. स्वर लांबवायचा असेल तर अवग्रह किंवा छोटी रेघ. कणस्वर बारीक अक्षरात वर. समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे. मात्रा स्वराला चिकटलेली नाही, ती रकान्यात आहे. तालाचे विभाग उभ्या रेघांनी पाडले की डोळा आपोआप मोजतो.

आता दोन्ही पानं शेजारी ठेवली तर काय होतं पाहा. सा वर टिंब आहे. भातखंड्यांच्या विद्यार्थ्याने तो तार षड्ज म्हणून घेतला आणि पलुसकरांच्या विद्यार्थ्याने मंद्र षड्ज. दोघांत दोन सप्तकांचं अंतर. शून्य दिसलं, एकाला खाली, दुसऱ्याला अर्धी मात्रा. फुली आणि अधिकचं चिन्ह घाईने लिहिलं की सारखंच दिसतं, पण एकीकडे ती सम आहे आणि दुसरीकडे खाली. एकाच शहरात, एकाच काळात, तळहाताएवढ्या अंतरावर या दोन लिप्या शिकवल्या जात होत्या आणि दोन्हींचे विद्यार्थी पुढे शिक्षक झाले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना आजही दोन्ही पद्धती माहीत असाव्या लागतात. मी मुलांना कोणतंही जुनं पान हाती आलं की आधी समेची खूण शोधायला लावते. ती सापडली की पान कोणाचं ते कळतं आणि मग बाकीचं वाचायचं.

छापील पुस्तकांत भातखंडे पद्धत पुढे गेली, यात शंका नाही. मला वाटतं, कारण व्यवहाराचं होतं. खिळे जुळवणाऱ्याला प्रत्येक स्वराखाली वेगळं चिन्ह बसवण्यापेक्षा रकाने पाडणं सोपं, आणि वहीत हाताने उतरवून घेणाऱ्या मुलालाही. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने मालिकेची हिंदी आवृत्ती काढली आणि ती देशभर गेली. तरीही या मोजकेपणाची किंमत मोजावी लागते. सगळं वजन बारक्या रेघांवर आणि टिंबांवर पडतं. जुन्या प्रतींमध्ये टिंब पुसट उमटलेलं असतं, रेघ अर्धवट लागलेली असते, आणि मग कोमल की शुद्ध हे राग माहीत असलेल्यालाच कळतं. म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्यालाच वाचता येतं.

हीच गोष्ट त्या काळातले गवैये वेगळ्या शब्दांत सांगत. कागदावर गाणं येत नाही, म्हणत. त्यांचं खरं होतं. दरबारीतला गांधार कागदावर ग आहे आणि खाली रेघ आहे, त्याचं आंदोलन कुठे लिहिणार? पण पलुसकर-भातखंड्यांनी कागद गाणं शिकवील असं धरलंच नव्हतं. कागदाने विसरू देऊ नये एवढी त्यांची अपेक्षा होती, आणि उरलेलं शिक्षकाने भरायचं. आमच्या गुरुजींकडचा क्रमिक मालिकेचा दुसरा भाग मी पाहिलेला आहे. छापलेल्या ओळींच्या वर, खाली, समासात, सगळीकडे त्यांची निळी-लाल पेन्सिल. लाल म्हणजे छापलेला स्वर बदलून त्यांच्या गुरूंनी दिलेला स्वर. निळी म्हणजे श्वास. एका यमनच्या बंदिशीत अंतऱ्याच्या पहिल्या ओळीवर नुसती एक लांब वळणाची रेघ होती, शब्द नाही, स्वर नाही. ती रेघ बघितली की मींड कुठून उचलायची ते हाताला कळायचं. मी शिकले ते छापील ओळीवरून थोडं आणि त्या पेन्सिलीवरून फार.

आता धोबीतलावाकडे वळते, कारण तिथली गोष्ट आपल्या संगीताच्या इतिहासात फार उशिरा सांगितली जाऊ लागली. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेज, म्हणजे पाच रेघांवरचे सूर बघून गाणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. गावोगाव अशी मुलं तयार होत आणि पोटासाठी मुंबई गाठत. धोबीतलावाच्या आसपास त्या त्या गावाचे कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाडं होती, तिथे सामानाची एक पेटी आणि एक पथारी टाकायला जागा मिळे. हॉटेलांतल्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत ते वाजवू लागले. १९३१ साली चित्रपट बोलू लागला आणि त्यांना स्टुडिओत काम मिळालं. संगीतकार चाल पेटीवर गुणगुणून सांगे, आणि ती तीस-चाळीस वादकांना एकाच वेळी वाजवता येईल अशी पाच रेघांवर बांधून देणारी माणसं बहुतांशी गोव्याची होती. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. फ्रँक फर्नांड होते, चिक चॉकलेट होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस होते. त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि पुढे ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव त्यांनी सगळ्या देशाच्या तोंडी बसवलं.

स्टुडिओत दोन्ही लिप्या नांदत होत्या. व्हायोलिनवाल्यांच्या स्टँडवर पाच रेघा, आणि सतार, बासरी, सारंगी वाजवणाऱ्यांपैकी अनेकांच्या मांडीवर देवनागरीत लिहिलेली सरगम. दोन्हींमधला फरक फार मोलाचा आहे. सरगम गायकाच्या षड्जाबरोबर सरकते. आज गायिका काळी पाचवर गायली आणि उद्या दुसरी पांढरी सहावर, तरी पान तेच. पाच रेघांचं पान मात्र नव्याने लिहावं लागतं, कारण तिथे प्रत्येक टिंब ठरलेल्या उंचीचा सूर सांगतं. ऐन वेळी पट्टी बदलली की सगळ्या वाद्यांची पानं पुन्हा उतरवायची. ते काम कॉपीइस्टचं.

आमच्या चाळीमागच्या गल्लीत असे एक कॉपीइस्ट राहायचे, मी लहान असताना ते निवृत्त झालेले होते. त्यांनी मला एकदा दाखवलेलं मी विसरले नाही. व्हायोलिनचं पान उतरवताना ते ओळी शेवटपर्यंत भरत नसत. वाद्याला जिथे थोडी उसंत आहे, तिथेच पान संपवायचं, म्हणजे वादकाला हात मोकळा करून पान उलटता येतं. त्यासाठी कधी ओळी दाटून लिहायच्या, कधी खालची दोन बोटं जागा कोरी सोडायची. कोरी जागा बघून कोणाला वाटेल की कागद वाया घालवला. ध्वनिमुद्रण झालं की ती पानं बहुतेक वेळा रद्दीत जात. कुणी जपली नाहीत, आणि इतक्या कसबाने बांधलेल्या त्या रचना आता कान देऊन पुन्हा उतरवाव्या लागतात. याचं मला मनापासून दुःख आहे.

या दोन जगांना एका छताखाली आणणारे गृहस्थही गिरगावातलेच, प्रो. बी. आर. देवधर. पलुसकरांचे शिष्य, आणि पाश्चात्त्य संगीताचंही रीतसर शिक्षण घेतलेले. १९२५ मध्ये त्यांनी शाळा काढली, ती ऑपेरा हाउसजवळ. ‘रागबोध’ची पुस्तकं लिहिली. अकरा-बारा वर्षांचे कुमार गंधर्व त्यांच्याकडे राहून शिकले. त्याच कुमारांचा ‘अनूपरागविलास’ १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने काढला, म्हणजे पुन्हा गिरगावातूनच. घराण्याच्या चौकटीत न मावणाऱ्या गायकालाही आपल्या बंदिशी स्वरलिपीत बांधून छापाव्याशा वाटल्या, ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते.

आणि आता टॅब. २०१० मध्ये आयपॅड आला आणि त्याच वर्षी त्यावर फोरस्कोअर आलं. अँड्रॉइडवाल्यांसाठी मोबाइलशीट्स आहे. ही दोन्ही वाचण्याची ॲपं आहेत, पीडीएफ लावायची, त्यावर पेनाने लिहायचं, कार्यक्रमाच्या क्रमाने पानं मांडायची, पायाने दाबायच्या पेडलने पान उलटायचं. म्यूझस्कोअर वेगळ्या जातीचं. ते पाच रेघांचं पान लिहायचं साधन आहे आणि पट्टी बदलायचं कॉपीइस्टचं काम क्षणात करतं. गिटार किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या मुलाने ते जरूर घ्यावं. सरगम वाचणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा, कारण आपलं पान मुळातच पट्टीला बांधलेलं नाही.

सरगम टाइप करण्याचा मोह मात्र टाळावा, निदान सध्या. युनिकोडमध्ये आपल्या खुणांसाठी वेगळी जागा नाही, म्हणून लोक हाताशी असेल ते वापरतात. मंद्रासाठी नुक्ता, तारेसाठी अनुस्वार, कोमलसाठी अधोरेखन किंवा वैदिक स्वरचिन्हातली आडवी रेघ. ऋग्वेदाच्या छापील पोथीत अक्षराखाली आडवी आणि अक्षरावर उभी रेघ असते, तशाच या दिसतात. भातखंड्यांनी त्या तिथून घेतल्या असं मी म्हणत नाही, पण फोनमध्ये त्या तिथूनच मिळतात. गैरसोय अशी की अधोरेखन हा अक्षराचा भाग नसतो, सजावट असते. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवला की ती गळून पडते. माझ्या एका विद्यार्थिनीला मैत्रिणीने भीमपलासीची बंदिश फोनवर पाठवली. ग आणि नि यांच्या खालच्या रेघा वाटेतच गेल्या. राहिलं काय? आरोहात नि सा ग म प नि सा, अवरोहात सातही स्वर, आणि सगळे शुद्ध. मुलगी प्रामाणिकपणे जे समोर होतं ते गायली आणि माझ्यासमोर बिहागचा सांगाडा उभा राहिला. दुपारच्या रागाची रात्र झाली ती दोन रेघांपायी.

म्हणून मी सांगते की लिहिलेल्या पानाचा फोटो किंवा स्कॅन ठेवा आणि ॲप निवडताना भातखंड्यांचं एक पान घेऊन बसा. पान बोटांनी मोठं केल्यावर मंद्राचं टिंब स्वच्छ दिसतं का, की दोन अक्षरांत विरघळतं? अर्धं पान उलटण्याची सोय आहे का? म्हणजे वरच्या अर्ध्यात पुढचं पान येतं आणि खाली अंतरा अजून दिसत राहतो. त्या कॉपीइस्टनी कोरी जागा सोडून जे साधलं, तेच हे. सगळ्यांत जपून बघायचं ते पेनाचं. एकाच पानावर माझ्या खुणा वेगळ्या थरात आणि मुलीच्या वेगळ्या थरात ठेवता आल्या पाहिजेत. आणि त्या खुणांसकट पान साध्या पीडीएफमध्ये बाहेर काढता आलं पाहिजे. एका ॲपमध्ये माझ्या कित्येक महिन्यांच्या खुणा अडकून राहिल्या. ॲप बंद पडलं, मूळ पानं कोरीच्या कोरी परत आली. छापील ओळ कुठेही पुन्हा मिळते. भातखंड्यांची मालिका तर इंटरनेट अर्काइव्हवरही आहे. गुरूची पेन्सिल एकाच प्रतीवर असते. ॲप फुकट आहे की पैशाचं, हे मी त्यानंतर बघते.

याच कारणाने घरातल्या जुन्या वह्या आणि पुस्तकं स्कॅन करायला देणाऱ्यांना माझी एक विनंती असते. दुकानदार फाइल हलकी व्हावी म्हणून काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करून देतात. त्यात लाल पेन्सिल काळी होते आणि छापील शाईत मिसळते, निळी पुष्कळदा उडूनच जाते, आणि पिवळ्या पडलेल्या कागदावर कोमल स्वराखालची बारीक रेघ कागदाच्या डागासारखी धुऊन निघते. रंगीत स्कॅन मागा, ३०० डीपीआयला, समास न कापता. शिलाईकडची बाजू दाबून धरायला सांगा, कारण ओळीचा पहिला स्वर तिथेच लपलेला असतो. आणि वहीचं शेवटचं मळकं पानही सोडू नका. आमच्या गुरुजींच्या वहीत त्या पानावर कोणत्या चिजा कोणाकडून मिळाल्या त्याची यादी आहे.